छिलके वगळून हत्यारे वाचता येणार नाहीत

पावसाळा सरला, नांगरट झाली, की पुरातत्त्वीय सर्वेक्षणाच्या तुकड्या पुन्हा रानात उतरतील. या हंगामासाठी आमचा एकच आग्रह आहे. सुबक हातकुऱ्हाडीइतकेच लक्ष घडणीतून उरलेल्या छिलक्यांकडे द्या.

दख्खनमध्ये युरोपासारखा फ्लिंट नाही. बेसॉल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले कॅल्सेडनी, अगेट, जास्पर हे इथले चकमकीचे दगड. त्यांच्यावर घावाचा सपाट भाग, त्याखालचा फुगवटा आणि पसरत गेलेल्या लहरी स्पष्ट दिसतात. हातकुऱ्हाडी आणि फरश्यांचा बेसॉल्ट, डोलेराइट मात्र भरड. त्यावर याच खुणा पुसट उमटतात. शिवाय बेसॉल्ट झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, नांगराच्या फाळाने कडा फुटतात, खडीयंत्रातल्या तुकड्यावरही कधी फुगवटा येतो. दगडावर काळाने चढलेल्या जुन्या पुटावर ताजा, वेगळ्या रंगाचा घाव दिसला तर तो अलीकडचा समजावा. एकट्या दगडावरून निर्णय देणे म्हणूनच धोक्याचे.

समूह मात्र बोलतो. एकाच जातीच्या दगडाचे गाभे (ज्यांतून छिलके काढले ते दगड), साल असलेले पहिले छिलके, बारीक कपच्या आणि अर्धवट हत्यारे एकत्र सापडली, तर तिथे माणूस बसून घडवत होता असे म्हणता येते. पाण्याचा लोंढा बारीक तुकडे आधी वाहून नेतो. म्हणून ते जागेवर असणे हीच थर फारसा न हलल्याची खूण, आणि कडा गोट्यासारख्या गोलसर झाल्या असतील तर ती वहनाची. प्रवरेकाठच्या चिरकी येथे गुड्रुन कॉर्विनस यांनी 1966 ते 1969 मध्ये केलेल्या उत्खननाचे मोल हातकुऱ्हाडींसोबत गाभे आणि छिलकेही अभ्यासल्यामुळे वाढले. जवळच्या नेवाशात ताम्रपाषाणयुगीन थरांतली कॅल्सेडनीची लांब, समांतर कडांची पाती कशी काढली, हेही गाभे पाहूनच उलगडते.

तेव्हा नेमून घेतलेल्या चौकटीतला प्रत्येक तुकडा नोंदवा. दगडाची जात, पूट, कडांची झीज आणि अक्षांश-रेखांश लिहा. बांधावर वेचून टाकलेल्या दगडांची नोंद स्वतंत्र ठेवा, कारण ते मूळ जागेवरचे नाहीत. शेतकऱ्याची परवानगी घ्या, त्याला काय सापडले ते सांगा आणि परवान्याशिवाय कुदळ लावू नका. विद्यापीठांनी आणि मार्गदर्शकांनीही प्रबंध तपासताना निवडक हत्यारांची छायाचित्रे पुरेशी मानू नयेत. छिलक्यांचा तक्ता नसेल, तर प्रबंध परत पाठवावा.