फार्मसीच्या जागा वाढल्या, पण गावाला फार्मासिस्ट मिळाला का?

गोंदिया : आपल्या जिल्ह्यात पोरांच्या शिक्षणाचा आणि धानाचा हिशोब एकाच वहीत असतो. फार्मसी प्रवेशाची धावपळ सुरू होते ती रोवणीच्या दिवसांत. तेव्हा घरातला पैसा चिखलणी, खत आणि मजुरीत गेलेला असतो. चुकारे येणार दिवाळीनंतर, तेही केंद्रावर नंबर लागला तर. कॉलेज मात्र तेवढं थांबत नाही.

तरी पोरं फार्मसीकडे वळतात. कारण साधं आहे. बारावी सायन्स झालं, मेडिकलला नंबर लागत नाही, आणि 'निदान स्वतःचं दुकान तरी टाकता येईल' हा घरच्यांचा विचार. डी.फार्म. दोन वर्षांचं आणि त्यावर तीन महिन्यांत 500 तासांचं प्रशिक्षण. बी.फार्म. चार वर्षांचं, आठ सेमिस्टर, त्यासाठी सीईटी.

आता जागांचं बघू. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियानं 2019 मध्ये नव्या कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी घातली होती. सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. बंदी घालायची तर कायद्यानं घाला, नुसत्या ठरावानं नाही, असा निकालाचा अर्थ. त्यानंतर राज्यात फार्मसी कॉलेजं भराभर उघडली. आता अनेक ठिकाणी जागा रिकाम्या राहतात. मंजुऱ्या उशिरा येतात, प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, आणि वर्ग सुरू होईस्तोवर अर्धं सेमिस्टर सरलेलं असतं. 80 टक्के हजेरीची अट मात्र तशीच उभी.

ही हजेरी खेड्यातल्या पोराला किती महाग पडते ते बघा. सालेकसा, आमगाव, तिरोड्याच्या पोराला निदान रेल्वे आहे. देवरीच्या पोराला एसटीशिवाय इलाज नाही. सकाळी निघून कुडव्याच्या मनोहरभाई पटेल फार्मसी कॉलेजला पोहोचायचं, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी परत, रात्री जर्नल. गाडी चुकली की प्रॅक्टिकल गेलं. त्यात पुस्तकं इंग्रजी. लहानपणापासून जंगलातून हिरडा वेचून आणणारा पोरगा वर्गात 'टर्मिनॅलिया चेब्युला' ऐकून गप्प बसतो. माल ओळखीचा, नाव परकं.

शासनाच्या सवलती आहेत. जुलै 2024 च्या निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पण प्रवेश कॅप फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. ही एक ओळ माहीत नसल्यानं घराचा खर्च लाखात जाऊ शकतो. फॉर्म भरण्याआधी हे विचाराच.

खरा प्रश्न पास झाल्यावरचा आहे. राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी झाली की पोरापुढे दोन वाटा. एक, स्वतःचं दुकान : किमान 10 चौरस मीटर जागा, फ्रीज, परवाना, पहिला माल. एवढं भांडवल दोन-तीन एकरांच्या धानातून निघत नाही. दुसरी वाट सोपी आणि वाईट : सर्टिफिकेट दुसऱ्याच्या दुकानाला भाड्यानं द्यायचं. दरमहा काही हजार घरबसल्या. सर्टिफिकेट भिंतीवर टांगलेलं, पोरगा पुण्याला कंपनीत नाहीतर बांधीत, आणि काउंटरवर दहावी झालेला नोकर. फार्मसी कायदा 1948 चा आहे. नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी औषध देऊ नये, असं त्याचं कलम 42 सांगतं. गावाला हे ठाऊक असतं, पण कुणी बोलत नाही.

यात नुकसान कुणाचं? आपला जिल्हा सिकलसेलचा. त्यासाठी देतात ती हायड्रॉक्सियुरिया रोज घ्यायची, डोस वजनावर ठरतो, मधून मधून रक्त तपासावं लागतं. दुखणं थांबलं म्हणून गोळी बंद करायची नसते. हे रुग्णाच्या आईला तिच्या बोलीत समजावून सांगणारा माणूस पाहिजे. आपल्याच गावचा शिकलेला पोरगा त्यासाठी सगळ्यात लायक. पण काउंटरवर तोच नसतो.

म्हणून नव्या कॉलेजापेक्षा तीन गोष्टी आधी व्हाव्यात. प्राथमिक आरोग्य केंद्रांतली औषध निर्माण अधिकाऱ्यांची रिकामी पदं जिल्हा परिषदेनं जाहीर करून भरावी. अन्न व औषध प्रशासनानं परवान्यासोबत माणूसही तपासावा. आणि गावात बसू पाहणाऱ्या पोराला बँकेनं दुकानासाठी कर्ज द्यावं.

चौथी गोष्ट आपली. पुढच्या वेळी मेडिकलमध्ये गेलात की भिंतीवरच्या सर्टिफिकेटवरचं नाव वाचा आणि विचारा, "हे साहेब कुठं आहेत?"