पाकीट आणि पासबुक

अमरावती-अकोला रस्त्याच्या ७५ किलोमीटरच्या पट्ट्याचे डांबरीकरण जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याचे नाव गिनेस बुकात लागले. त्याच रस्त्यावरून धावणाऱ्या बहुतेक मोटारींच्या बॉनेटखाली मात्र गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शोधलेली शिशाची बॅटरीच आहे. ती काढून सुपरकपॅसिटर बसवावा, म्हणजे दर दोन-तीन उन्हाळ्यांचा खर्च वाचेल, असे हौशी तरुण मंडळी सुचवतात.

घरच्या पंख्यातला कंडेन्सर आपल्या ओळखीचा आहे. सुपरकपॅसिटर हा त्याचा थोरला भाऊ. बॅटरीत वीज रासायनिक क्रियेने साठते. यात ती सच्छिद्र कोळशाच्या पृष्ठभागावर नुसती चिकटून बसते. म्हणून ती झटकन भरते, झटकन निघते आणि लाखो वेळा ये-जा झाली तरी झीज थोडी.

माझी हयात बँकेत गेली, तेव्हा हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. स्टार्टरला एक-दोन सेकंदच, पण शे-दोनशे अँपिअर लागतात. ३५० फॅरडचे सहा कपॅसिटर एकापुढे एक जोडले तर तेवढे सहज देतात. पण त्यांची एकूण साठवण दोन वॉट-तासही भरत नाही. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ती चारशेवर असते. उभ्या गाडीतले घड्याळ आणि अलार्म मिळून तीस मिलिअँपिअर खातात असे धरले, तर काही तासांतच कपॅसिटर रिकामा. अकोल्याच्या लग्नाला जावे आणि पंगत उठल्यावर ऐकावे, ‘काहून बाप्पा, गाडी सुरू होऊन नाही राह्यली?’

कपॅसिटर हे खिशातले पाकीट, बॅटरी हे पासबुक. पाकीट आले म्हणून कोणी खाते बंद करत नाही. सित्रोएन कंपनीनेही २०१० साली आपल्या मोटारींत बॅटरी ठेवूनच जोडीला कपॅसिटर दिला.

ही जोडी आपल्याकडे यावी असे मला वाटते, आणि त्याचे कारण खर्चाहून मोठे आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की बॅटरीतले पाणी उडते, शिशाच्या जाळ्या गंजतात. सुरुवातीच्या धक्क्याचा भार कपॅसिटरने उचलला, तर बॅटरी लहान चालेल आणि शिसे कमी लागेल. कपॅसिटरलाही उष्णता सोसत नाही. त्याची जागा इंजिनापासून दूरच हवी.

तोवर प्रश्न उरतो जुन्या बॅटरीचा. उघड्या भट्टीत ती वितळवली की शिसे धुरातून, मातीतून लहान मुलांच्या रक्तात जाते आणि मेंदूला बाधते. त्याची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून वाचकहो, चार पैसे जास्त मिळतात म्हणून ती भंगारात देऊ नका. नवी घेताना जुनी दुकानातच जमा करा आणि पावती मागा. ते चार पैसे आपल्या खात्यात दिसतात. त्याची वसुली कुणाच्या तरी लेकरांकडून होते.