कागदाबाहेर गेलेले छर्रे

अमेरिकेत टर्की या पक्ष्याच्या शिकारीचा वसंतातील हंगाम सुरू होण्याआधी अनेक राज्ये एक-दोन दिवस फक्त मुलांसाठी राखून ठेवतात. पालक त्याआधी बंदुकीची चाचणी घेतात. सुमारे ३६ मीटरवर कोरा कागद लावायचा, एक काडतूस उडवायचे आणि ठरावीक वर्तुळात किती छर्रे लागले ते मोजायचे. मुलांच्या खांद्याला धक्का सोसावा म्हणून लहान काडतुसाची बंदूक दिली जाते. तिच्यात छर्रे कमी मावतात. मारा विरळ पडला तर पक्षी जखमी होऊन झुडपात तडफडतो, म्हणून ही मोजणी.

या चाचणीतून दुसराही एक आकडा निघतो. नळीचे तोंड बरेच अरुंद ठेवले, तरी ७५ सेंटिमीटरच्या वर्तुळात साधारण ७० टक्केच छर्रे बसतात. उरलेले माती-पाण्यात जातात आणि ते शिशाचे असले तर तिथेच राहतात.

पाणथळीत याचे परिणाम गंभीर होतात. बदके अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतात. छर्रा त्यांना खड्यासारखाच दिसतो. पोटात तो झिजतो, शिसे रक्तात उतरते आणि पक्षी अशक्त होऊन मरतो. याच कारणाने अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर देशभर बंदी घातली. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळींत व त्यांच्या आसपास ते वापरण्यास मनाई केली. पर्याय म्हणून पोलाद आले. टर्कीसाठी आता शिशाहून जड असलेले टंगस्टनही वापरतात. त्याचे बारीक छर्रेही जोरात लागतात, त्यामुळे मुलांच्या हलक्या बंदुकीला ते सोयीचे ठरतात.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. मग नाशिकला याची काळजी कशाला? निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातील पहिले रामसर स्थळ. तिथे हिवाळ्यात उतरणारी अनेक बदके मध्य आशियाच्या वाटेने येतात आणि त्या वाटेवरच्या काही देशांत शिकार कायदेशीर आहे. पोटात छर्रा घेऊन निघालेल्या पक्ष्याला आपला कायदा वाचवू शकत नाही.

त्याहून जवळचा प्रश्न मुलांचा आहे. एअर रायफल आणि एअर पिस्तुलाची नेमबाजी शिकणारी मुले नाशिकसह राज्यभर वाढत आहेत. त्यांच्या हातातले छर्रे बहुतेक शिशाचेच असतात. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते आणि त्याची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिसे चिंताजनक प्रमाणात आहे आणि त्यांत भारतातील मुलांची संख्या मोठी आहे. त्यात नेमबाजीचा वाटा फारच लहान असेल. पण तो सहज टाळता येण्यासारखा आहे.

खेळ सोडण्याची गरज नाही. छर्रे तोंडात धरू नयेत, सरावाच्या जागी खाऊ नये, नंतर साबणाने हात धुवावेत. बंदिस्त हॉलमध्ये हवा खेळती असावी. केर कोरडा न झाडता ओल्या फडक्याने पुसावा, कारण कोरड्या झाडूने शिशाची धूळ उडते. नियमित सराव करणाऱ्या मुलांच्या रक्तातील शिशाची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करता येते.

आपल्याकडे पेट्रोलमधले शिसे २००० साली गेले. घरगुती रंगांतील शिशावर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आली. दोन्ही वेळा ‘पर्याय महाग पडेल’ ही तक्रार होती आणि दोन्ही वेळा उद्योगाने मार्ग काढला. शिसेविरहित छर्रे बाजारात आहेत. निदान मुलांच्या सरावापासून त्यांची सुरुवात व्हायला हवी.