नताशा : खोट्याच्या जाळ्यात वाढलेली हेर

विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकात एका विषकन्येचा उल्लेख येतो. अमात्य राक्षसाने तिला चंद्रगुप्ताचा जीव घेण्यासाठी पाठवलेले असते आणि चाणक्य तिला परस्पर पर्वतकाकडे वळवतो. पर्वतक मरतो, राजकारणाचा पट फिरतो. ती विषकन्या मात्र रंगमंचावर येतच नाही. ती कोणाची मुलगी होती, तिला लहानपणी काय सांगून वाढवले होते, एका माणसाचा जीव घेतल्यावर तिला काय वाटले, हे कोणी विचारत नाही. तलवारीला तिचे मत कोण विचारणार?

अमेरिकेतल्या कॉमिक्समध्ये 1964 साली अशीच एक बाई कोणाच्या तरी हातचे शस्त्र म्हणून आली. दोन-चार अंकांत तिचे काम संपायचे आणि वाचक तिला विसरून जायचे, असेच त्या काळच्या रिवाजाप्रमाणे व्हायला हवे होते. पण ती टिकली, बोलू लागली आणि 'मी नक्की कोण?' हा प्रश्न आपल्या मालकांनाच विचारू लागली. तिचे नाव नताशा रोमानोव्हा. आजची मुले तिला 'ब्लॅक विडो' म्हणून ओळखतात, तीही बहुधा सिनेमातून. पडद्यावरची तिची उडी आणि मारामारी सर्वांना पाठ असते. तिच्या कागदावरच्या आयुष्याची कथा मात्र त्याहून गुंतागुंतीची आहे, आणि मोठ्यांनीही वाचावी अशी आहे.

जाळीदार बुरख्यातली पाहुणी

'टेल्स ऑफ सस्पेन्स' या मासिकाचा एप्रिल 1964 चा 52 वा अंक. नायक अर्थातच 'आयर्न मॅन', म्हणजे शस्त्रांचा कारखानदार टोनी स्टार्क. कथाकल्पना संपादक स्टॅन ली यांची, संवाद डॉन रिको यांचे आणि चित्रे डॉन हेक यांची. क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ युद्धाच्या उंबरठ्यावर गेले होते, त्याला जेमतेम दीड वर्ष झाले होते. त्यामुळे खलनायक कुठून आणायचा, हा प्रश्न लेखकांना पडतच नसे. तो मॉस्कोहून येई.

या कथेतही मॉस्कोहून दोन हेर येतात. बोरिस हा आडदांड गडी आणि त्याच्यासोबत नताशा. एक सोव्हिएत शास्त्रज्ञ, प्राध्यापक वान्को, पक्ष बदलून स्टार्ककडे आलेला असतो. त्याचा काटा काढायचा आणि जमल्यास स्टार्कच्या कारखान्याचेही वाटोळे करायचे, अशी त्यांची कामगिरी. कामाची वाटणी ठरलेली. तोडफोड बोरिसने करायची आणि नताशाने स्टार्कला गप्पांत गुंतवून ठेवायचे. तिच्याजवळ ना बंदूक, ना चिलखत. झुळझुळीत पोशाख, चेहऱ्यावर जाळीदार बुरखा आणि ओठांवर हसू, एवढीच तिची सामग्री. शेवटी वान्को आणि बोरिस दोघेही मरतात आणि नताशा रात्रीच्या अंधारात निसटते. कामगिरी फसल्यामुळे मायदेशी परत जाण्याची तिला भीती वाटत असते. पहिल्याच कथेत तिची अवस्था 'ना घर का ना घाट का' अशी झालेली दिसते.

योगायोग असा, की त्याच 1964 साली आपल्याकडे 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू झाले आणि वेताळ, मँड्रेक घरोघरी पोचले. त्या कथांतल्या नायिका बहुतेक वेळा नायकाची वाट पाहत किंवा संकटात सापडत. नताशा संकटात सापडणारी नव्हती, ती संकट घेऊन येणारी होती. पण हुकूम मात्र दुसऱ्याचा होता.

त्याच वर्षीच्या 57 व्या अंकात तिने हॉकआय नावाच्या तिरंदाजाला हाताशी धरले. तो जत्रेत नेमबाजीचे खेळ करणारा, आयर्न मॅनसारखे नाव कमवावे म्हणून धडपडणारा तरुण. तिच्या मोहात पडून तो वाकड्या वाटेला लागला. पुढे तो त्या वाटेवरून परत फिरला, 'अ‍ॅव्हेंजर्स' या नायकांच्या जथ्यात सामील झाला आणि त्याच्यामागून नताशाचेही मन पालटू लागले. ज्याला फसवायला गेली, त्याच्यामुळेच ती सुधारली, असे म्हणायला हरकत नाही.

नवरा जिवंत असताना 'विधवा'

'ब्लॅक विडो' हे खरे तर एका विषारी कोळ्याचे नाव. या जातीची मादी मिलनानंतर कधी कधी नराला खाऊन टाकते, म्हणून ती 'काळी विधवा'. तिच्या पोटावर वाळूच्या घड्याळासारखी तांबडी खूण असते आणि नताशाच्या पट्ट्यावर तीच खूण दिसते. सुरुवातीला या नावात यापेक्षा जास्त अर्थ नव्हता. पुरुषांना जाळ्यात ओढणारी बाई, म्हणून कोळ्याचे नाव, इतकेच.

पण 1967 साली 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या 43 आणि 44 या अंकांत लेखक रॉय थॉमस यांनी या नावाला वेगळाच अर्थ दिला. नताशाचे खरोखर लग्न झाले होते, असे वाचकांना कळले. तिचा नवरा अलेक्सी शोस्ताकोव्ह हा सोव्हिएत वैमानिक. एका अग्निबाणाच्या चाचणीत तो मरण पावल्याची बातमी तिला देण्यात आली. त्या दुःखात, नवऱ्याच्या स्मृतीसाठी देशाची सेवा करावी म्हणून तिने हेरगिरीचे शिक्षण घेतले. मात्र अलेक्सी मेलाच नव्हता. सरकारने त्याला 'रेड गार्डियन' नावाचा लढवय्या बनवण्यासाठी निवडले होते आणि जुने आयुष्य, बायकोसकट, पुसून टाकायला लावले होते. दोघे पुन्हा समोरासमोर आले ते शत्रू म्हणून, आणि त्या संघर्षात तो पडला.

आपल्याकडे वैधव्य म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. कुंकू पुसले जाण्यापासून हळदीकुंकवाच्या बोलावण्यातून नाव गळण्यापर्यंत त्याचे चटके कितीतरी घरांनी पाहिले आहेत. त्यामुळे या कथेतली क्रूरता मराठी वाचकाला चटकन कळावी. नवरा हयात असताना एका बाईला विधवा ठरवले जाते आणि तिच्या खऱ्या अश्रूंवर एका कारस्थानाची इमारत उभी राहते. हेच खोटे 1990 साली 'द कोल्डेस्ट वॉर' या चित्रकादंबरीत पुन्हा उलटे वापरले गेले. 'तुझा नवरा जिवंत आहे' असे भासवून तिला जाळ्यात ओढले जाते आणि समोर उभा असतो तो हुबेहूब त्याच्यासारखा घडवलेला यंत्रमानव! एकदा मरणाचे खोटे, एकदा जगण्याचे खोटे. दोन्ही वेळा वापरले गेले ते तिचे प्रेमच.

एका घरात, वेगळ्या मजल्यावर

1970 साली 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या 86 व्या अंकात चित्रकार जॉन रोमिटा यांनी तिला आजचे रूप दिले. काळे केस तांबूस झाले, नक्षीदार वेश जाऊन अंगासरशी साधा काळा पोशाख आला आणि मनगटावर विजेचा झटका देणारी कडी आली. त्याच वर्षी 'अमेझिंग अ‍ॅडव्हेंचर्स' या मासिकात तिला स्वतःची कथामालिका मिळाली. ती आठच अंक चालली, पण एका हेर बाईच्या नावावर मालिका निघते, हीच त्या काळात नवलाची गोष्ट होती.

पुढे 1971 पासून ती 'डेअरडेव्हिल' मालिकेत आली. मॅट मर्डॉक हा अंध वकील रात्री मुखवटा चढवून गुंडांशी लढतो. तो आणि नताशा न्यूयॉर्क सोडून सॅन फ्रान्सिस्कोला राहायला गेले. लग्नाशिवाय एका घरात! अमेरिकेतल्या कॉमिक्सवर 1954 पासून प्रकाशकांनीच नेमलेल्या एका नियमावलीचा पहारा होता. त्यातून वाट काढण्यासाठी लेखकाने दोघांना वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवले आणि तिचा वडीलधारा सोबती इव्हान यालाही त्याच घरात आणून बसवले. आपल्याकडच्या सिनेमात फुलावर फूल टेकवले की प्रेक्षक समजून जात, त्यातलाच हा प्रकार.

गंमत बाजूला ठेवली, तर या कथांत एक खरा संसारी प्रश्न होता. काही काळ मुखपृष्ठावर दोघांची नावे बरोबरीने छापली जात, पण संकट आले की शेवटचा ठोसा त्याचा. आपण जोडीदार आहोत की मदतनीस, हा सल तिच्या मनात वाढत गेला आणि 1975 साली ती घर सोडून निघाली. भांडण दुसऱ्या बाईवरून नव्हते, स्वतःच्या जागेवरून होते. लगेचच 'चॅम्पियन्स' या नव्या गटाचे नेतृत्व तिच्याकडे आले आणि 1990 च्या दशकात तर ज्या 'अ‍ॅव्हेंजर्स'विरुद्ध ती एकेकाळी लढली होती, त्यांचीच ती पुढारी झाली.

आठवणीही उसन्या

नताशाचा जन्म कधीचा? साधा प्रश्न, पण याचे उत्तर दर पिढीत बदलत गेले. सत्तरच्या दशकातल्या कथांत ती स्टालिनग्राडच्या वेढ्यात सापडलेले तान्हे मूल होती. जळत्या इमारतीतून आईने तिला खाली टाकले आणि इव्हान नावाच्या सैनिकाने झेलून वाढवले. 1990 साली 'अनकॅनी एक्स-मेन'च्या 268 व्या अंकात मात्र 1941 च्या प्रसंगात ती चांगली चालती-बोलती मुलगी म्हणून दिसते. स्टालिनग्राडची लढाई तर 1942 ची!

अशी विसंगती कॉमिक्समध्ये नवी नाही. लेखक बदलतात, चित्रकार बदलतात, पात्रांचे वय मात्र वाढत नाही. मग पुढच्या लेखकांना ठिगळे लावत बसावे लागते. नताशाच्या बाबतीत हे ठिगळच वस्त्राहून मोलाचे ठरले. 2004 साली लेखक रिचर्ड मॉर्गन यांनी तिच्या मालिकेत असे दाखवले, की 'रेड रूम' नावाच्या गुप्त केंद्रात अनेक मुलींना हेर म्हणून घडवले गेले, औषधांनी त्यांचे वय रोखले गेले आणि त्यांच्या डोक्यात बनावट आठवणी भरल्या गेल्या. आपण तरुणपणी बॅले नर्तकी होतो, या आठवणीवर नताशाने मनापासून प्रेम केले होते. तीही बनावट निघाली.

कारकुनाच्या चुकीला कारस्थानाचे रूप द्यावे, तसे हे झाले. पण त्यातून प्रश्न मोठा उभा राहिला. बालपण दुसऱ्याने लिहिलेले, वैधव्य दुसऱ्याने ठरवलेले, वयसुद्धा दुसऱ्याच्या हाती. मग या बाईचे स्वतःचे असे काय उरले?

तीच चूक, तिच्या हातून

1999 साली डेव्हिन ग्रेसन या लेखिकेच्या मालिकेत येलेना बेलोव्हा ही नवी तरुण 'ब्लॅक विडो' नताशासमोर उभी ठाकली. ही मुलगी हुशार, जिद्दी आणि त्या पदवीसाठी आसुसलेली. ज्या बिरुदाने आपले आयुष्य नासवले, ते मिळवण्यासाठी ही पोर धडपडते आहे, हे नताशाला पाहवेना. पुढच्या 2001 च्या कथेत तिने येलेनाला धडा शिकवायचे ठरवले. कसा? शस्त्रक्रियेने दोघींचे चेहरेच अदलाबदल करून! येलेना परक्या चेहऱ्यात कोंडली गेली, सैरभैर झाली. हेतू मुलीला वाचवण्याचा, पण रीत थेट रेड रूमची.

ही कथा वाचताना नताशाचा राग येतो आणि तो यावा, अशीच ती लिहिली आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तो आपोआप न्यायी होतो, असे नाही. ज्या सासूने सासुरवास भोगला, तीच पुढे सुनेला छळते, हे आपण घरोघर पाहतोच की. 'तुझ्या भल्यासाठीच' या शब्दांआड किती गोष्टी खपून जातात!

घर, तेही शत्रूने दिलेले

सिनेमात 2010 पासून स्कार्लेट जोहान्सनने नताशा उभी केली. 2019 च्या चित्रपटात तिने इतरांसाठी प्राण दिले आणि 2021 साली, म्हणजे मरणानंतर, तिच्या एकटीच्या नावाचा चित्रपट आला. कागदावर मात्र ती जिवंत आहे. 2020 साली सुरू झालेल्या मालिकेत लेखिका केली थॉम्पसन आणि चित्रकर्त्री एलेना कासाग्रांदे यांनी तिची सर्वांत घरगुती आणि म्हणूनच सर्वांत जीवघेणी कथा सांगितली. या मालिकेला 2021 चा आयझ्नर पुरस्कार मिळाला.

कथा अशी. तिचे शत्रू एकत्र येतात. तिला मारून भागत नाही, म्हणून ते तिला सुख देतात! स्मृती पुसलेली नताशा सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्याच नावाने राहते. प्रेमळ नवरा आहे, मांडीवर मुलगा आहे, कामावर जाणे-येणे आहे. सारे काही शत्रूंनी रचलेले. स्मृती परत येते तेव्हा तिला कळते की संसार बनावट होता, पण नवरा आणि मूल हाडामांसाचे आहेत, आणि त्यांच्यावर जडलेला तिचा जीवही खरा आहे. तिच्याजवळ राहिले तर ते दोघे जिवंत राहणार नाहीत. म्हणून ती त्यांना अशा ठिकाणी पाठवून देते, की जिथला पत्ता तिलाही ठाऊक नसेल.

इथे पहिल्यांदा तिच्या आयुष्यातला सर्वांत कठीण निर्णय दुसऱ्या कोणी घेतलेला नाही. तिला विधवा केले ते सरकारने. हे घर मोडले ते मात्र तिने, उघड्या डोळ्यांनी आणि त्या दोघांच्या जिवासाठी.

विशाखदत्ताच्या विषकन्येला जे बोलता आले नाही, ते बहुधा हेच असावे. आपल्याला कोणी घडवले, काय सांगून वाढवले, यावर कोणाचाच ताबा नसतो. जन्म, नाव, पहिली शिकवण, सारे उसनेच मिळते. माणूस स्वतःचा होतो तो त्या उसनवारीचे पुढे काय करतो यावरून. घरातली मुलगी काळ्या पोशाखातल्या नताशाचे चित्र भिंतीवर लावत असेल, तर लावू द्यावे. फक्त एखाद्या संध्याकाळी जवळ बसवून तिला एवढे जरूर सांगावे, की हिच्या मनगटावरच्या विजेपेक्षा हिने विचारलेला प्रश्न जास्त धारदार होता.