नक्कल म्हणून भंगारात? बारामती-इंदापूरच्या व्हिडिओ गेमची बाजू

१/८
जुने व्हिडिओ गेम विकत घेऊन जपण्याची हौस आता तालुक्यांपर्यंत पोहोचली आहे. तिच्यामागून एक खोटी प्रतवारीही आली. जपानहून मागवलेला निन्टेन्डो तेवढा ‘वारसा’ आणि बारामती-इंदापूरच्या माळ्यावरचा पिवळट पडलेला खेळ मात्र ‘डुप्लिकेट’! ही प्रतवारी बाजाराची आहे, इतिहासाची नव्हे.

२/८
निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ विक्रीस आणला. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ चा. नव्वदच्या दशकात भारतातील असंख्य मुलांनी मारिओ आणि ‘कॉन्ट्रा’ ओळखले ते या यंत्राच्या स्वस्त नकलांवर. खेळासाठी ‘कॅसेट’ हा शब्दही त्यांच्याबरोबरच रुळला.

३/८
‘अस्सल’ हवे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे : जपानी फॅमिकॉम १०० व्होल्टच्या विजेसाठी आणि एनटीएससी टीव्हीसाठी घडवलेला होता. भारतात वीज २३० व्होल्टची आणि १९८२ पासूनचे रंगीत प्रक्षेपण पाल पद्धतीचे. इथल्या टीव्हीशी जमवून घेतले ते पाल पद्धतीच्या नकलांनी. मूळ यंत्र थेट जोडून चालण्याजोगे नव्हतेच.

४/८
नकलेला तुच्छ लेखणे बारामतीला तरी शोभत नाही. मोरोपंत (१७२९–१७९४) मराठी मुद्रण रुळण्यापूर्वीच निवर्तले. त्यांचे काव्य हातोहात केलेल्या नकलांतून पसरले. पोथीचा अभ्यासक नक्कल फेकून देत नाही. ती कोणी केली, कुठे केली, तिच्यात काय गळले, काय नवे शिरले, हे तो तपासतो.

५/८
हाच न्याय ‘९९९९ इन १’ कॅसेटला लावावा. यादी हजारोंची, प्रत्यक्षात खेळ मोजकेच. तेच पुन्हा वेगळ्या नावाने. ही फसवणूक होतीच. परंतु प्रत्येक खेळाची निराळी कॅसेट न परवडणाऱ्या घराला बाजाराने काय आमिष दाखवले, याचाही तो पुरावा आहे.

६/८
नकला बेकायदा होत्या, हा आक्षेप खरा आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र खोटा. नाणेशास्त्रात खोट्या नाण्यांचाही अभ्यास होतो. कायद्याने अमान्य ठरलेली वस्तू इतिहासाची साक्षीदार म्हणून बाद होत नाही.

७/८
म्हणून संग्राहकाने खरेदी करताना किमतीआधी वस्तूची हकिकत विचारावी : कोणत्या गावात घेतला, कोणत्या साली, कोण खेळत असे. कॅसेटवर पेनाने लिहिलेले नाव पुसू नये. अडॅप्टरचे व्होल्ट आणि ध्रुव तपासल्यावाचून यंत्र जोडू नये. कॅसेटमध्ये फुंकर मारण्याची सवय सोडावी. तोंडातील ओलाव्याने पिना गंजतात. त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात.

८/८
इंदापूरच्या मालोजीराजांच्या गढीविषयी आस्थेने बोलणाऱ्या तरुणांनी स्वतःच्या घरातील माळ्यालाही थोडी आस्था द्यावी. गढीची नोंद दप्तरांत सापडते. या यंत्रांची नोंद कोणत्याही दप्तरात शोधून मिळायची नाही. ती आज चाळिशीत असलेल्या माणसांच्या आठवणीत आहे. यंत्र भंगारवाल्याच्या काट्यावर चढले की त्या आठवणीचा आधारही गेला. जपानी फॅमिकॉम पुढेही विकत मिळेल. बारामतीच्या घरात वापरलेला तो खेळ पुन्हा मिळणार नाही.