एकशे चौतीस पराभवांचा ताळेबंद

अमेरिकेत वाढणारा माझा नातू बेसबॉलवेडा आहे. २०२४च्या सप्टेंबरअखेर त्याचा फोन आला. शिकागो व्हाइट सॉक्स या संघाने एका हंगामात १२१ सामने गमावले होते. "आबा, आधुनिक काळात इतकं कुणीच हरलं नव्हतं," तो म्हणाला. आकड्यांशी आयुष्यभर संसार केलेल्या माणसाला 'आधुनिक काळात' ही पुस्ती खटकते. मग त्या आधी काय झाले होते? शोधता शोधता मी १८९९ सालच्या क्लीव्हलँड स्पायडर्सपाशी येऊन थांबलो. सामने १५४, विजय २०, पराभव १३४.

वाचकांना वाटेल, असेल एखादा लिंबूटिंबू संघ! तसे मुळीच नव्हते. १८९५ साली याच संघाने बाल्टिमोरला हरवून टेंपल कप जिंकला होता. साय यंग हा त्यांचा पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज. आजही अमेरिकेत सर्वोत्तम पिचरला दरवर्षी त्याच्या नावाचे पारितोषिक देतात. जेसी बर्केटसारखा फलंदाज जोडीला होता. १८९८च्या हंगामातसुद्धा या संघाने ८१ सामने जिंकले होते. मग एका वर्षात असे काय घडले?

घडले ते मैदानावर नव्हे, मालकांच्या कचेरीत. फ्रँक आणि स्टॅन्ली रॉबिसन हे दोघे भाऊ संघाचे मालक. त्यांचा मूळ धंदा ट्रामचा. १८९९च्या आरंभी सेंट लुइसचा संघ दिवाळखोरीत निघून लिलावात आला आणि तो या बंधूंच्या हाती गेला. एकाच मालकाने दोन संघ बाळगू नयेत असा नियम तेव्हा नव्हता. सेंट लुइस मोठे शहर, तिथे गल्ला अधिक. तेव्हा बंधूंनी साय यंग, बर्केट आणि इतर उत्तम खेळाडूंच्या सरळ सेंट लुइसला बदल्या केल्या. खेळाडू करारांनी बांधलेले, त्यांना विचारतो कोण? उरलेसुरले क्लीव्हलँडच्या वाट्याला आले.

हंगामातला पहिलाच सामना या दोन भावंड-संघांत झाला. सेंट लुइसने तो १०-१ असा जिंकला. क्लीव्हलँडकरांनी काय ते ओळखले आणि मैदानाकडे पाठ फिरवली. घरच्या ४२ सामन्यांना मिळून ६,०८८ प्रेक्षक आले. सरासरी १४५. आपल्याकडे एखाद्या लग्नाच्या पंगतीला याहून जास्त माणसे असतात! पाहुण्या संघांना तिकीटविक्रीतला वाटा मिळत असे, पण त्यात प्रवासखर्चही निघेना, तेव्हा ते क्लीव्हलँडला यायलाच तयार होईनात. मग हा संघ गावोगाव हिंडत राहिला. परगावी त्याने ११२ सामने खेळले आणि त्यांतले १०१ गमावले. मधेच व्यवस्थापक लेव्ह क्रॉस चांगला खेळतो असे दिसताच मालकांनी त्यालाही सेंट लुइसला उचलले. त्याच्या जागी आलेला ज्यो क्विन एरवी अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा व्यावसायिक होता. कादंबरीत मी हे लिहिले असते, तर संपादकांनी 'अतिशयोक्ती' म्हणून कापले असते. शेवटच्या ४१ सामन्यांपैकी ४० गेले. अखेरच्या दिवशी सिनसिनाटीला सिगारच्या दुकानातल्या एका कारकुनाला गोलंदाजीला उभे केले. निकाल १९-३.

पुढच्या वर्षी लीगने बारा संघांचे आठ केले. क्लीव्हलँड वगळले गेले. प्रेक्षक नाहीत, विजय नाहीत. आकडे पाहिले तर निर्णयात खोट काढता येत नाही.

इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. नव्वदच्या दशकात मी बँकेच्या विभागीय कार्यालयात होतो. तालुक्याच्या गावी आमची एक छोटी शाखा होती. तिथला शेतीकर्जाचा अधिकारी शेतकऱ्यांना नावानिशी ओळखायचा. त्याची शहरात बदली झाली. मग अनुभवी कॅशियर गेला. जागा रिकाम्याच राहिल्या. ठेवी घटल्या, कर्जे थकली. शाखा दुसरीत विलीन करावी असा अहवाल मीच लिहिला. त्यातला एकही आकडा चुकीचा नव्हता. फक्त बदल्यांचा उल्लेख त्यात नव्हता, आणि त्या बदल्यांची टिपणेही माझ्याच टेबलावरून गेली होती. शेवटच्या दिवशी तिथल्या शिपाईमामांनी मला विचारले, "साहेब, माणसं आधी गेली, का धंदा आधी गेला?" मी घड्याळाकडे पाहिले आणि जीपमध्ये बसलो.

रॉबिसन बंधूंची बाजूही ऐकली पाहिजे. क्लीव्हलँडला चांगल्या दिवसांतही गर्दी बेताचीच होती, रविवारच्या खेळाला कायद्याची आडकाठी होती. पैसा त्यांचा होता. न चालणारे दुकान बंद करण्याचा हक्क दुकानदाराला आहेच. पण दुकान उघडे ठेवायचे, माल हळूच दुसरीकडे हलवायचा आणि मग गिऱ्हाईक येत नाही म्हणून गिऱ्हाइकालाच दोष द्यायचा, हा निराळा प्रकार झाला. शाळेतले शिक्षक काढून घेऊन पट कमी झाला म्हणणारे आणि बसच्या फेऱ्या बेभरवशाच्या करून प्रवासी नाहीत म्हणणारे याच घराण्यातले. आधी तोटा घडवायचा आणि नंतर तोच पुरावा म्हणून मांडायचा!

आणि एवढे करून मिळवले काय? सगळे मोहरे गोळा करूनही सेंट लुइस त्या वर्षी पाचवे आले. उलट क्लीव्हलँडला १९०१ साली दुसऱ्या लीगमध्ये नवा संघ मिळाला, आणि तो शतक उलटून गेले तरी खेळतो आहे. गाव मेले नव्हते. त्याला मेलेले ठरवले गेले होते.

नातवाला मी हे सगळे कळवले. तो म्हणाला, "म्हणजे आबा, रेकॉर्ड त्यांच्याच नावावर." मी म्हटले, नोंद चुकीच्या खात्यात पडली आहे. १३४ पराभव मालकांच्या नावे टाक. त्या उरल्यासुरल्या माणसांच्या नावावर वीस विजय लिही. कुणालाच नको असताना, रिकाम्या मैदानांवर, ते वीस वेळा जिंकले होते.

शिपाईमामांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला त्याच दिवशी ठाऊक होते. ते द्यायला इतकी वर्षे लागली. माणसे आधी गेली, मामा. आम्हीच नेली.