‘सुंदरी’ हा टॅग कुणी लावला?

गेल्या वर्षी कामाचा भाग म्हणून मी जुन्या छापील चित्रांची एक यादी तपासत होते. शोधात चित्र सापडावं म्हणून प्रत्येकाला टॅग लावायचे होते. त्यात डेव्हनशायरची डचेस जॉर्जियाना आली. जोशुआ रेनल्ड्सच्या तैलचित्रावरून व्हॅलेंटाइन ग्रीननं १७८० साली केलेलं मेझोटिंट. टॅग होते: सुंदरी, फॅशन, केशभूषा, उमराव. मी ‘निवडणूक’ आणि ‘राजकारण’ सुचवले. उत्तर आलं, “चित्रात दिसतं तेवढंच लिहायचं.”

हा नियम निःपक्षपाती वाटतो, पण तसा तो नाही. ‘उमराव’ तरी चित्रात कुठे दिसतो? तो माहितीतूनच येतो. आणि ‘सुंदरी’? ग्रीननं हे चित्र समकालीन सुंदरींच्या मालिकेतच विकायला काढलं होतं. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीची जाहिरात आपण वर्णन म्हणून नोंदवतोय.

मेझोटिंटमध्ये तांब्याचा पत्रा आधी सगळा खरखरीत करतात. तसाच छापला तर कागद काळाकुट्ट. मग उजेड हवा तिथेच घासून गुळगुळीत करायचं. काय उजळायचं हे कारागीर ठरवतो. ‘दिसतं ते’ आधीच कुणीतरी निवडलेलं असतं.

आता न दिसणारं सांगते. १७८४ साली वेस्टमिन्स्टरच्या निवडणुकीत जॉर्जियाना चार्ल्स फॉक्ससाठी रस्त्यावर उतरून मतं मागत होती. तिला स्वतःला मत नव्हतं. फॉक्सचं सरकार आदल्या डिसेंबरात ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर अंकुश आणणाऱ्या विधेयकावरून गेलं होतं. सालबाईच्या तहाला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. म्हणजे ती ज्या भांडणात उतरली, त्याच्या एका टोकाला आपणही होतो.

तिला उत्तर चित्रांनीच मिळालं. रोलंडसननं ती मतासाठी खाटकाचं चुंबन घेताना रंगवली. व्यंगचित्रकारांनी पुरुषांनाही सोडलं नाही, पण त्यांच्या प्रचाराची किंमत चुंबनांत मोजली नाही. चार वर्षांपूर्वी सुंदरी म्हणून विकली गेलेली बाई त्याच शहराच्या छापील चित्रबाजारात आता बदफैली ठरली. दोन्ही वेळा विकला गेला तो तिचा देहच. फॉक्स मात्र निवडून आला.

कुणी म्हणेल, ही जुगारात बुडालेली, गडगंज घरातली बाई. तिची कसली कड घेता? कड घेतच नाहीये. ‘जुगार’ हाही टॅग लावा, ‘कर्ज’ही लावा. तिनं ‘द सिल्फ’ ही कादंबरी निनावी छापली, म्हणून ‘लेखिका’ही लावा. माझं म्हणणं एवढंच, की जी गोष्ट टॅगमध्ये नाही ती शोधात सापडत नाही, आणि शोधात सापडत नाही ते पुढच्या पिढीसाठी घडलेलंच नसतं.

माझी सूचना फेटाळली गेली. त्या यादीत निवडणूक शोधलीत तर फॉक्स सापडेल. जॉर्जियाना केशभूषेत आहे.